लांबपोळीआडचा वाघ

नागपूरच्या जुन्या मंगळवारीत कवडूच्या पानठेल्यासमोर संत्र्याचं एक लाकडी खोकं पालथं घातलेलं असे. रोज संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावल्या की मी त्या खोक्यावर येऊन बसायचो, आणि मी बसलो की बाकीचे उभे राहायचे. गोष्ट सांगणारा बसतो, ऐकणारे उभे राहतात, असा तिथला कायदा होता. तो मीच केला होता, पण पाळत सगळे होते.

माझा धंदा कापडाचा. गणपतरावांनी कापड ताणून मोजलं, असं अख्ख्या इतवारी बाजारात कुणी म्हणणार नाही. गोष्ट मात्र न ताणता मी कुणाला दिली नाही. आखूड गोष्ट अंगाला पुरत नाही.

अठ्ठ्याहत्तर सालचा चैत्र होता. त्या संध्याकाळी मी सावनेरच्या रस्त्यावरची गोष्ट सांगत होतो. माझ्या सायकलची चेन उतरते, झुडपातून वाघ बाहेर येतो, पंजाच्या एका नखाने चेन चढवून देतो आणि पंजाला लागलेलं ग्रीस माझ्याच धोतराला पुसून निघून जातो. माणसं खूश होती. कवडूचा चुना लावणारा हात पानावर तसाच थांबला होता. आणि तेवढ्यात मधुकररावांनी विचारलं,

"किती वाजता?"

मधुकरराव म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. उभी नोकरी त्यांनी शेवटच्या डब्यात बसून काढली, गाडी कोणत्या ठेसनावर किती मिनिटं जास्त थांबली ते पाहत. स्वतः कधी खोटं बोलले नाहीत आणि दुसऱ्याचं खोटं सिग्नल दिल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही.

"वाघाच्या मनगटावर घड्याळ नव्हतं गा," मी म्हणालो. सगळे हसले. मधुकरराव हसले नाहीत.

"गणपतराव, एक सांगा. तुम्ही वाघ पाह्यला का कधी?"

"हे काय विचारणं झालं?"

"महाराजबागेच्या पिंजऱ्यातला सोडून."

आता महाराजबागेतला सोडला, तर माझ्याजवळ उरत काय होतं? मी पिंक टाकायला उठलो आणि जरा जास्तच वेळ टाकत राहिलो. वळून बघतो तर ठेल्यावरची सगळी तोंडं माझ्याकडे लागलेली.

"बोला न," चंद्रभान म्हणाला. हा संत्र्यांचा व्यापारी. खोकं त्याचंच होतं, आणि मजा बघायला मिळत असेल तर तो कोणत्याही बाजूने उभा राहणारा माणूस. "बोला न गा, गणपतराव. जबान कोठी गेली?"

"वाघ काय, उद्या दाखवतो," मी म्हणालो. हे वाक्य मी म्हटलं नाही, ते माझ्या तोंडातून आपणहून उतरून गेलं.

"ठीक," मधुकरराव म्हणाले. "मले ताडोब्याच्या जंगलात वाघ दाखवा. म्या माह्या डोळ्यानं पाह्यला, तं इथं सगळ्यायसमोर सांगन की पाह्यला. मंग तुमच्या गोष्टीत जन्मात तोंड घालणार नाही. नाही दिसला, तं खोकं माह्यं. मी बसन, तुम्ही उभं राहून ऐकायचं."

"काय ऐकायचं?"

"वेळापत्रक."

कवडूच्या हातातून पान पडलं. मधुकररावांना नागपूर ते हावडा सगळं पाठ होतं, मालगाड्यांसकट. रोज संध्याकाळी, उभं राहून, वेळापत्रक! पण माणसाची जात कशी असते पाहा. सगळे म्हणाले, "मंजूर."

*

घरी येऊन मी मनकर्णेला सांगितलं. मनकर्णा माझी बायको. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"जेवणाचं काय?"

"डबा नेऊ न."

"डबा? चार माणसं घेऊन चालले, अन् थंडा डबा? लोक काय म्हणतील वो? मी येते. मडकं घेते."

इथे मडक्याचं सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात, पाहुणचारात लांबपोळी लागते. ही पोळपाटावर लाटत नाहीत. कणीक मिठाच्या पाण्यात अशी सैल भिजवायची की ती परातीत धड बसत नाही, धड वाहत नाही. मग ती उचलून उचलून परातीवर आपटायची, थप्प, थप्प, थप्प, तिला तार सुटेपर्यंत. आणि मग एक गोळा घेऊन या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर झुलवत न्यायचा. झुलता झुलता पोळी कोपरापर्यंत येते, शेल्यासारखी पातळ होते, की अलगद चुलीवरच्या तापलेल्या पालथ्या मडक्यावर पांघरायची. यात नियम एकच. पोळी हातावर चढली की थांबायचं नाही. थांबली की फाटली. दारात पाहुणा येवो, पोर रडो, घर पेटो, हात चालूच. आणि मनकर्णेची पोळी कधी फाटली नव्हती. मंगळवारीतली लग्नं तारीख ठरवण्याआधी तिला विचारायची.

तर चंद्रभानचा मेटॅडोर निघाला. आतून संत्र्यांचा वास, मागे परात, कणकेचा डबा, वांगी, मसाला, पळसाच्या पत्रावळी. मडकं मात्र मनकर्णेच्या मांडीवर, लेकरासारखं पदरात गुंडाळलेलं. मधुकरराव खिडकीशी बसून ठेसनं पुकारत होते.

"उमरेड. आठ मिनिटं लेट."

"कोणाच्या हिशेबानं?" चंद्रभानने स्टिअरिंगवरून विचारलं.

"माह्या."

उमरेड गेलं, भिसी गेलं, चिमूर गेलं. पुढे रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल येऊन भिडलं. पानगळ झालेली, सागाचं एक पान खाली पडलं तरी पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. मोहाचा गोडसर वास होता. मी मनात म्हटलं, गणपतराव, आजवर या जनावराला तुम्ही सायकल दुरुस्त करायला लावलं, धोतर पुसायला लावलं. आता त्याच्या दारात आला आहात. हात जोडून आत जा.

ताडोब्याच्या विश्रामगृहावर आम्हाला वाट दाखवायला जंगलखात्याचा एक गार्ड मिळाला. त्याचं नाव दादाजी. खाकी सदरा, डोळ्यांत झोप. मी उतरल्या उतरल्या त्याला बाजूला घेतलं.

"दादाजी, वाघ हाय का गा?"

"वाघ?" त्याने समोरच्या बांबूच्या बेटाकडे बोट केलं. "आत्ताच गेला, सायेब. इथूनच. तुमची गाडी जराशी आधी आली असती तं..."

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. हा आपल्याच घराण्यातला माणूस आहे, हे मला कळून चुकलं. आणि असल्या माणसाच्या भरवशावर काय उभं करता येतं आणि काय नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

संध्याकाळी फेरी निघाली. काय नाही पाहिलं आम्ही! चितळांचा कळप असा उभा होता की उन्हाचे कवडसे चालायला लागल्यासारखं वाटलं. तळ्याच्या काठी मगर पडली होती. चंद्रभान तिला ओंडका म्हणत होता, मग ओंडक्याने जांभई दिली. मोहाखाली एक अस्वल फुलं वेचत होतं, आणि आमच्याकडे पाहून, दुकानात फुकट भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी पाहतो तसं पाहून, पुन्हा वेचायला लागलं. एका वळणावर रानगवा आडवा उभा होता. काळाकुट्ट, आणि चारी पायांत पांढरे मोजे. मेटॅडोरपेक्षा मोठा होता, हे मी ताणून सांगत नाही, चंद्रभानला विचारा. मनकर्णेने त्याला पदराआडून नमस्कार केला.

प्रत्येक वेळी मधुकरराव शांतपणे म्हणत, "वाघ नाही."

आणि प्रत्येक वळणावर दादाजी म्हणे, "आत्ताच गेला सायेब."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पुन्हा निघालो. ही शेवटची फेरी होती. जेवून परत निघायचं होतं. मनकर्णा मागे राहिली, कणीक भिजवायची होती. या फेरीत रस्त्याच्या धुळीत पंजा उमटलेला दिसला. ताजा, चांगला ताटलीएवढा. मी ओरडलो, "थांबव गा! थांबव! पाहा मधुकरराव!"

मधुकररावांनी खाली उतरून, चष्मा पुसून, पंजा पाहिला.

"पाय पाह्यला," ते म्हणाले. "वाघ नाही पाह्यला. उद्या तुम्ही चप्पल दाखवून म्हणसान, वाघाची हाय."

"आत्ताच गेला," दादाजी म्हणाला. आपल्याच घराण्यातला असूनही मला त्याला मेटॅडोरखाली घालावंसं वाटलं.

परत येताना मधुकरराव गुणगुणत होते. मी कान देऊन ऐकलं. "कामठी, सालवा, तारसा..." वेळापत्रकाचा सराव चालला होता.

*

विश्रामगृहाच्या आवाराच्या टोकाला दगडांची चूल होती. तिच्यापुढे जरा उतार, आणि उताराखाली नाला. नाल्यात पाणी नव्हतं, नुसता चिखल. मनकर्णेने चुलीवर मडकं पालथं घातलं होतं, वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री आली होती, आणि ती परातीपुढे बसून सकाळपासून कणीक आपटत होती. थप्प, थप्प, थप्प.

दादाजी कानाशी हात नेऊन म्हणाला, "बाई, तुमचा आवाज बम लांबवर जाऊन राह्यला. चिखलात सांबर लोळते न, सेम तसाच."

"लोळू द्या त्याले," मनकर्णा म्हणाली. "तुम्ही पत्रावळी मांडा."

हे तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. मी तर नाहीच. माझ्यासमोर खोकं तरंगत होतं.

चंद्रभान मेटॅडोरमध्ये आडवा झाला आणि पाय बाहेर टाकून घोरायला लागला. मधुकरराव चुलीसमोर पत्रावळ घेऊन बसले, मनकर्णेकडे तोंड आणि नाल्याकडे पाठ. त्यांच्या खांद्यावर लाल दुपट्टा होता. दादाजी ओसरीच्या पायरीवर टेकला. मी मनकर्णेच्या बाजूला बसून चुलीत लाकडं सारत होतो. हरलेल्या माणसाला आणखी कोणतं काम देणार?

पहिली पोळी झाली. दुसरी झाली. मधुकरराव एक घास वांग्याचा, एक घास पोळीचा खात म्हणाले, "वहिनी, खोकं गेलं तरी गणपतरावाचं नशीब चांगलं हाय."

मनकर्णेने तिसरा गोळा हातावर घेतला. झुलवायला लागली. आणि झुलवता झुलवता तिचे डोळे मधुकररावांच्या डोक्यावरून पलीकडे गेले आणि तिथेच राहिले.

मी तिकडे पाहिलं.

नाल्याच्या कडेवर वाघ उभा होता.

आता तुम्ही म्हणाल, गणपतराव, वर्णन करा. तीस वर्षं वाघाचं वर्णन केलेला मी माणूस. सांगतो. मला काहीही सुचलं नाही. तो होता, एवढंच. सकाळचं ऊन त्याच्या पाठीवर पडलं होतं आणि त्याच्यापुढे ते ऊन फिक्कं दिसत होतं. सांबर शोधत आला होता बिचारा, आणि समोर आम्ही. मधुकररावांच्या पाठीपासून चार हातांवर.

मी तोंड उघडलं. आवाज नाही. जन्मभर न थांबलेलं माझं तोंड, आणि नेमकं त्या घटकेला त्यातून फुंकरसुद्धा निघेना.

मनकर्णेचे हात मात्र चालू होते. पोळी हातावर चढली होती न! थांबता येत नव्हतं. या हातावरून त्या हातावर. ती अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मधुकरभाऊजी, मागं वाघ हाय."

मधुकररावांनी घास गिळला. "वहिनी, तुम्हीही?"

"देवाची आण. मागं पाहा."

"नाही पाहत," मधुकरराव म्हणाले. "मले समजते. मी मान वळवणार, अन् हे म्हणणार, 'अरे, आत्ताच गेला!' मंग ठेल्यावर जाऊन सांगणार, वाघ आला होता, मधुकररावानंच उशीर केला. मी काही वळत नाही. भाजी वाढा."

झाडावरची वानरं एकदम खॉक खॉक करून ओरडायला लागली.

"वानरंही तुमच्याच बाजूची दिसतात," मधुकरराव म्हणाले.

तुम्हाला माझी दशा कळते का? ज्या वाघासाठी माझं खोकं अडकलं होतं तो वाघ आला होता, ज्याने पाहायचा तो माणूस समोर होता, दोघांत चार हातांचं अंतर होतं, आणि तो माणूस मान फिरवायला तयार नव्हता!

वाघाने एक पाऊल पुढे टाकलं.

मनकर्णेच्या हातांचा वेग वाढला. भीतीने वाढला की कशाने, ते तिलाच ठाऊक. पोळी कोपराच्या वर गेली, खांद्याला लागली. दोन हात झाली, अडीच झाली. इतकी पातळ झाली की ती माझ्यासमोरून झुलून जाई तेव्हा पोळीतून पलीकडचा वाघ दिसे, पट्ट्यांसकट. असा वाघ कुणी पाहिला नसेल. कणकेच्या पडद्याआड, सायीतून पाहिल्यासारखा.

वाघाने दुसरं पाऊल टाकलं आणि मान मधुकररावांच्या लाल दुपट्ट्याकडे लांब केली.

"भाऊजी, वाका!" मनकर्णा ओरडली.

हा स्वयंपाकघरातला आवाज होता. या आवाजापुढे मंगळवारीतले पहिलवान ताट घेऊन उठले आहेत. मधुकरराव पत्रावळीवर वाकले, आणि त्यांच्या डोक्यावरून ती पोळी गेली. सरळ गेली, उलगडत गेली, कुठेही न फाटता गेली, आणि वाघाच्या तोंडावर, या कानापासून त्या कानापर्यंत, मडक्यावर बसावी तशी बसली.

झाडावरची वानरं वरच्या फांदीवर पळाली.

मग वाघ शिंकला. "फाऽऽच्छी!"

मधुकररावांची मान ओली झाली, तेव्हा कुठे ते वळले.

समोर वाघ. नाकावर पोळी, डोळ्यांपाशी दोन भोकं पडलेली, दोन्ही बाजूंनी टोकं लोंबत असलेली, नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखी. वाघ मधुकररावांकडे पाहतोय, मधुकरराव वाघाकडे पाहताहेत. आणि मग मधुकररावांनी ते केलं, जे उभ्या हिंदुस्थानात दुसऱ्या कुणी केलं नसतं. संकट दिसलं की गार्ड काय करतो? त्यांचा हात आपणहून खांद्याकडे गेला. त्यांनी लाल दुपट्टा ओढला आणि वाघासमोर आडवा धरला.

वाघ थांबला.

खरंच थांबला. उचललेला पाय त्याने खाली ठेवला. पुढे काय करायचं ते ना वाघाला सुचत होतं, ना मधुकररावांना. शेवटी मधुकररावांचा डावा हात चाचपत चाचपत मागे गेला, पत्रावळीच्या गठ्ठ्यातून पळसाचं एक हिरवं पान सुटून पडलं होतं ते त्यांनी उचललं, लाल दुपट्टा खाली घेतला आणि पान वर करून हलवलं. लाइन क्लिअर.

वाघाने नाकावरची पोळी जिभेने जरा चाटली. मीठ आवडलं असावं. मग तो वळला आणि निघाला. घाई नाही, पळापळ नाही. पोळीचं एक टोक त्याच्या खांद्यावरून उपरण्यासारखं लोंबत होतं. बांबूच्या बेटाशी ते एकदा पांढरं दिसलं, आणि गाडी गेली.

मेटॅडोरमधून चंद्रभानचा झोपाळू आवाज आला. "काय झालं बे?"

पायरीवरच्या दादाजीच्या तोंडातून मोठ्या मुश्किलीने शब्द निघाले. "वाघ... आत्ताच गेला, सायेब."

"हाव, हाव," चंद्रभान म्हणाला. "कालपासून तेच ऐकून राह्यलो. झोपू दे."

मनकर्णेने हाताला लागलेली कणीक पुसली आणि म्हणाली, "एक पोळी कमी पडन. कोण दोन खाणार होतं?"

*

परतीच्या वाटेवर मधुकररावांनी एकही ठेसन पुकारलं नाही. चिमूर गेलं, भिसी गेलं. उमरेडला चहाला उतरलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गणपतराव, वाघ पाह्यला, एवढं सांगतो. पोळीचं नको."

"काहून?"

"कोण मानन? माही इज्जत हाय गा. अन् ते दुपट्टा, पान... तोबा!"

"मधुकरराव," मी म्हणालो, आणि हे शब्द माझ्या तोंडात मलाच परके वाटले, "जे पाहिलं तेवढं सांगायचं. कायदा तुमचाच हाय."

मागून मनकर्णेचा आवाज आला. "पोळी गाळाल तं याद राखा, भाऊजी."

मधुकररावांनी चहा संपवला. कपाच्या तळाकडे पाहत म्हणाले, "अन् मी म्हटलं, दिसलाच नाही, तं?"

मी कप खाली ठेवला. खरंच की! चंद्रभान झोपला होता. बायकोची साक्ष ठेल्यावर कोण धरणार? दादाजी तिकडे राहिला, आणि इथे असता तरी "आत्ताच गेला" याच्यापुढे गेला नसता. माझं खोकं, माझ्या गोष्टी, माझी सगळी संध्याकाळ त्या एका माणसाच्या जिभेवर बसली होती. आणि तो माणूस मेटॅडोरमध्ये जाऊन डोळे मिटून बसला.

ठेल्यावर पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. मेटॅडोर दिसताच अर्धी गल्ली जमली. मी खोक्यावर बसलो नाही. बसायचा हक्क अजून ठरायचा होता. मधुकरराव खोक्याशेजारी उभे राहिले. दुपट्टा सारखा केला. चष्मा पुसला. तो चष्मा इतका वेळ पुसला की मी मनातल्या मनात "कामठी, सालवा, तारसा" म्हणायला लागलो.

"पाह्यला," मधुकरराव म्हणाले.

असा गलका झाला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. कवडूने माझ्या हातात पान कोंबलं. इथे ते थांबले असते तर चाललं असतं. पण हा माणूस अर्ध्या वाटेत गाडी सोडणारा नव्हता. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सगळं सांगितलं. थप्प थप्प सांगितलं, पोळी सांगितली, शिंक सांगितली, लाल दुपट्टा सांगितला, हिरवं पान सांगितलं. काही ताणलं नाही, काही गाळलं नाही.

 मग कवडूने अगदी गंभीरपणे विचारलं,

"मधुकरराव, किती वाजता?"

"दहा वाजून सतरा मिनिटं."

आणि जे हसू फुटलं! माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. "मधुकररावायलेही हवा लागली गा!" "गणपतरावाच्या वर निघाले हे!" चंद्रभान तर ठेल्याच्या खांबाला धरून हसत होता. "अबे, मी तिथंच होतो! ना वाघ, ना काही. अन् पोळी चार हात उडते का? पोळी हाय का कबुतर?"

मधुकररावांचा चेहरा दुपट्ट्यासारखा लाल झाला. त्यांच्यावर अविश्वास दाखवायची हिंमत रेल्वेच्या साहेबांनीसुद्धा कधी केली नव्हती.

"चला," ते म्हणाले. "सगळे चला. आत्ताच्या आत्ता."

पुढे मधुकरराव, मागे सगळा ठेला, कवडूसुद्धा दुकान उघडं टाकून. अशी वरात माझ्या अंगणात आली. मनकर्णा मडकं उतरवून ठेवत होती. उरलेली कणीक ओल्या फडक्यात होती.

"वहिनी, एक पोळी पाहिजे," मधुकरराव म्हणाले. "अब्रूचा सवाल हाय."

"कोणाच्या?"

"माह्या."

मनकर्णेने त्यांच्याकडे पाहिलं, मग दात काढणाऱ्या चंद्रभानकडे पाहिलं. पदर खोचला. थप्प, थप्प, थप्प. शेजारच्या बायका ओट्यांवर आल्या. चंद्रभान अंगणाच्या टोकाला जाऊन, हातांचे पंजे करून, गुरगुरायला लागला. "या गा वहिनी, फेका! वाघ उभा हाय!"

गोळा हातावर चढला. या हातावरून त्या हातावर, दोन हात, अडीच हात. कंदिलाच्या उजेडात पोळीतून पलीकडचे चेहरे दिसायला लागले, आणि ते चेहरे एकेक करून गप्प होत गेले.

पोळी सुटली. चंद्रभानच्या तोंडावर, या कानापासून त्या कानापर्यंत, सुरकुतीसुद्धा न पडता बसली.

"फाऽऽच्छी!"

"अस्साच!" मधुकरराव जागच्या जागी उडाले. "अस्साच शिंकला होता! सेम टु सेम!" आणि त्यांनी लाल दुपट्टा काढून आडवा धरला. चंद्रभान, डोळ्यांवर कणीक, जिथल्या तिथे उभा. सगळं अंगण श्वास रोखून उभं. शेवटी कवडूला सुचलं. त्याने कानावर खोचलेलं नागवेलीचं हिरवं पान काढलं आणि वर करून हलवलं. चंद्रभान पाऊल टाकत टाकत बाहेर निघून गेला, खांद्यावर पोळीचं टोक लोंबत. त्या दिवशी टाळ्यांचा जो आवाज झाला तो कामठीपर्यंत गेला असं म्हणतात. म्हणजे मी म्हणतो.

दुसऱ्या संध्याकाळी मी फळ्या लावून ठेल्यावर आलो. खोकं पुसून ठेवलेलं होतं. मी बसलो. सगळे उभे राहिले. मधुकररावही उभे होते, जरा मागे.

"या गा," मी म्हणालो आणि खोक्यावर थोडा सरकलो. ते येऊन टेकले. तेव्हापासून आम्ही दोघं बसतो. खोकं कुरकुरतं, पण आहे.

त्या दिवशी मी सावनेरचीच गोष्ट पुन्हा लावली. चेन उतरली, वाघ आला, नखाने चेन चढवून दिली. बेसाहून आलेला कुणाचा तरी नवा पाहुणा घोळक्यात होता. तो मध्येच म्हणाला, "पण हे किती वाजताची गोष्ट हाय?"

मी तोंड उघडायच्या आत मधुकरराव त्याच्याकडे वळले.

"गोष्टीत तोंड घालू नका गा," ते म्हणाले. "पाच चाळीस. छिंदवाड्याची गाडी नुकतीच गेली होती."